पंखाच्या कडेवरची रेघ

मृगाच्या दोन सरी पडून गेल्या की छत्रपती संभाजीनगर परिसरातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक ठरावीक फोटो फिरू लागतो. मधोमध कापलेला पेरू किंवा पाडाचा आंबा, गरात वळवळणाऱ्या पांढुरक्या अळ्या आणि शेजारी वर्तमानपत्राच्या तुकड्यावर सापळ्यातून ओतलेल्या मेलेल्या माश्यांचा ढीग. खाली प्रश्न असतो, 'ही कोणती माशी?' दोन मिनिटांत उत्तर येते, 'फळमाशी'. उत्तर बरोबरच असते. पण त्या ढिगात फळमाशीच्या तीन वेगवेगळ्या जाती एकत्र पडलेल्या असू शकतात. आकारमान जवळजवळ सारखे, रंग तपकिरी-पिवळा, कंबर बारीक, पंख काचेसारखे. फोटो मोबाइलच्या पडद्यावर कितीही मोठा केला तरी नेमके कुठे पाहायचे हे माहीत नसेल, तर तिन्ही एकच वाटतात.

पाहायचे असते पंखाच्या पुढच्या कडेकडे.

आंबा आणि पेरूवर सर्वात जास्त बोलबाला असलेली फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस. तिच्या पंखाच्या पुढच्या कडेने एक बारीक गडद रेघ बुडापासून टोकापर्यंत अखंड जाते. पोटावर टी या इंग्रजी अक्षरासारखी काळी खूण असते. दुसरी बॅक्ट्रोसेरा झोनाटा. ही थोडी लहान आणि जास्त तांबूस. तिच्या पंखावरची रेघ मध्येच तुटते आणि टोकाजवळ फक्त एक तपकिरी ठिपका उरतो. तिसरी बॅक्ट्रोसेरा करेक्टा. हिच्याही पंखाची रेघ तुटलेलीच, टोकाला ठिपकाच. मग झोनाटा आणि करेक्टा वेगळ्या कशा करायच्या? त्यासाठी माशीच्या तोंडासमोर कॅमेरा न्यावा लागतो. झोनाटाच्या चेहऱ्यावर दोन सुटे गोल काळे ठिपके असतात; करेक्टाचे ठिपके आडवे पसरून बहुधा एकमेकांना भिडतात आणि त्यांची आडवी पट्टी होते. वरून काढलेला फोटो कितीही स्पष्ट असला तरी त्यात हा चेहरा येतच नाही.

फोटोवरून माशी ओळखण्याची खरी अडचण या एका उदाहरणात दिसते. फोटो धूसर असतो, म्हणून ओळख चुकते असे सहसा होत नाही. ओळखीची खूण ज्या अवयवावर आहे तो अवयव फोटोत नसतो, म्हणून ती चुकते.

दिल्ली दरवाजाजवळचा हिमायतबाग हा मुघलकालीन बगिचा. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. शहराच्या एका अंगाला जाधववाडीची बाजार समिती, दुसऱ्या अंगाला दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्यावर पेरू आणि सीताफळांच्या पाट्या घेऊन बसणारे विक्रेते आणि चहूकडे केसर आंब्याच्या बागा. फळमाशीला याहून चांगला मुलूख मिळणार नाही. मादी फळाची साल टोचून आत अंडी घालते, अळ्या गर खात वाढतात, मग फळातून बाहेर पडून जमिनीत कोष करतात. वरून फळ धडधाकट दिसते आणि सुरी घातल्यावरच कळते.

कामगंध सापळ्यात सापडतात ते मात्र सगळे नर. सापळ्यात मिथाइल युजेनॉल नावाचे रसायन असते आणि त्याच्या वासाला वरच्या तिन्ही जातींचे नर वेड्यासारखे येतात. हे वेड प्रथम लक्षात आले तेही भारतातच. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हॉलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत. डास जवळ येऊ नयेत म्हणून एका शेजाऱ्याने सिट्रोनेला तेल वापरले, तर डासांऐवजी फळमाश्यांनीच त्याला घेरले. हॉलेट यांनी पाहिले तर सगळ्या माश्या नर. १९१२ साली त्यांनी याबद्दल लिहिले आणि पुढे त्या तेलातला मिथाइल युजेनॉल हा घटक त्यामागे असल्याचे दाखवले. आपल्या तुळशीतही हे द्रव्य असते. कोकण कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यासह महाराष्ट्रातल्या आंबा-पेरूच्या बागांत आज टांगलेले सापळे त्याच शोधाच्या वाटेवरचे.

कारल्या-दोडक्याच्या मांडवात मात्र मिथाइल युजेनॉलचा सापळा लावून उपयोग नाही. तिथली माशी वेगळी, झ्युगोडॅकस कुकुर्बिटी. तिचे नर क्यू ल्युर या दुसऱ्याच आमिषाला येतात. फोटोत ती ओळखणे तुलनेने सोपे आहे. आंब्यावरच्या माश्यांच्या पाठीवर दोन बाजूंना दोन पिवळे पट्टे असतात. हिच्या पाठीवर मधोमध आणखी एक, असे तीन. तीन पट्टे दिसले की वेलवर्गीय भाज्यांवरची माशी म्हणून मोकळे व्हावे, तर झ्युगोडॅकस टाऊ ही तिची बहीण आडवी येते. तिलाही तीनच पट्टे. फरक पुन्हा पंखात आहे. कुकुर्बिटीच्या पंखावर एका आडव्या शिरेच्या बाजूने गडद डाग पसरलेला असतो, टाऊच्या पंखावर तो नसतो. माशीने पंख पाठीवर मिटलेले असतील, तर हा डाग पोटाच्या गडद रंगात हरवून जातो.

एवढा बारकावा कशाला, असा प्रश्न बागेत उभ्या असलेल्या माणसाला पडणे साहजिक आहे. त्याच्यापुरते पाहिले तर तो बरोबरही आहे. डॉर्सालिस असो वा झोनाटा, सापळा तोच, पडलेली फळे गोळा करून खोल पुरणेही तेच. पण फळ देशाबाहेर निघाले की जातीच्या नावाला पैशात किंमत येते. २०१३ साली युरोपीय संघात पोहोचलेल्या भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाश्या आणि इतर किडी सापडल्या आणि १ मे २०१४ पासून तिथे भारतीय आंब्याला आणि चार भाज्यांना बंदी झाली. ऐन हंगामात ही बातमी आली आणि हापूसइतकाच केसरही अडकला. आंब्यावरची बंदी उठायला जानेवारी २०१५ उजाडला. निर्यातीच्या आंब्याला ४८ अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवण्याची प्रक्रिया अनेकांना माहीत झाली ती या घडामोडींतूनच. आयात करणारा देश विचारतो तो प्रश्न 'माशी आहे का' एवढाच नसतो. 'कोणती माशी, ती आमच्याकडे आधीपासून आहे का', हेही त्याला हवे असते.

या प्रश्नाने तज्ज्ञांनाही चांगलेच दमवले आहे. डॉर्सालिसचे शास्त्रीय वर्णन फ्रेडरिक हेंडेल यांनी १९१२ साली तैवानमधल्या नमुन्यांवरून केले. नंतर आशियाभरातून तिच्यासारख्याच, पण किंचित वेगळ्या दिसणाऱ्या माश्या सापडत गेल्या. १९९४ साली डिक ड्रू आणि डेव्हिड हँकॉक यांनी त्यांतल्या अनेकांना स्वतंत्र जातींची नावे दिली. मलेशियाकडची बॅक्ट्रोसेरा पपायी, फिलिपिन्सची फिलिपिनेन्सिस ही त्यांपैकीच. २००३ साली केनियात एक नवीच फळमाशी दिसली आणि काही वर्षांत आफ्रिकेच्या मोठ्या भागात पसरली. तिची पाठ कधी काळी, कधी तांबडी. २००५ साली तिला इन्व्हेडेन्स असे नाव मिळाले. श्रीलंकेतल्या माश्या तिच्याशी जुळत होत्या, म्हणजे ती आपल्याच शेजारातून गेली असावी.

आता चार नावे झाली आणि चार नावांमुळे चार प्रकारचे आयात-नियम झाले. एका देशात फिलिपिनेन्सिस आहे, डॉर्सालिस नाही, म्हणून फळ अडवले जाऊ लागले. शेवटी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने अनेक देशांतल्या संशोधकांना एकत्र आणले. त्यांनी पंखांची मोजमापे घेतली, डीएनए तपासले, नरांचे गंध तपासले आणि या माश्या एकमेकींशी जोड्या जमवतात का, त्यांची पिल्ले पुढे प्रजा देतात का, हेही पाहिले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : पपायी, फिलिपिनेन्सिस, इन्व्हेडेन्स आणि डॉर्सालिस ही एकच जात आहे. पाठीचा काळा किंवा तांबडा रंग हा फक्त वैयक्तिक फरक. कॅरम्बोली ही एक बहीण मात्र स्वतंत्र राहिली. सूक्ष्मदर्शकाखाली नमुना धरून ज्या फरकांवर वीस वर्षे वाद झाला, ते फरक मोबाइलच्या फोटोत रंगावरून ठरवायला जाणे किती धोक्याचे, हे यातून कळते. पाठीचा रंग हा फोटोत सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो आणि ओळखीसाठी सगळ्यात कमी कामाचा असतो.

फळमाश्या तरी पंखांवर खुणा घेऊन येतात. पुष्कळदा घोळ त्याच्याही आधी सुरू होतो, समोरचा कीटक माशी आहे की मधमाशी इथपासून. रब्बीत करडईच्या फुलांवर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक कीटक हवेत एका जागी तरंगताना दिसतो. अनेक जण त्याला मधमाशी समजतात, काही जण गांधीलमाशी म्हणून दूर सरकतात. ती असते सिर्फिड कुळातली माशी, निरुपद्रवी, डंख नसलेली. फोटोत तीन गोष्टी पाहिल्या की शंका मिटते. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, माशीला एकच. मागच्या जोडीच्या जागी माशीला बारीक गाठीसारखे दोन अवयव असतात, ते उडताना तोल सांभाळतात. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरासारख्या वाकलेल्या, माशीच्या आखूड. माशीचे डोळे डोक्याचा बहुतेक भाग व्यापतात. सिर्फिड माशीच्या पंखात आणखी एक खूण असते. मध्यभागी एक शीर दिसते, पण ती दुसऱ्या कुठल्याही शिरेला जुळत नाही, अधांतरीच संपते. शास्त्रज्ञ तिला खोटी शीर म्हणतात.

ही ओळख शेतकऱ्याच्या कामाची आहे. करडईवर काळा मावा पडतो तेव्हा आपल्याकडच्या मैदानी भागात सर्वत्र आढळणाऱ्या इश्चियोडॉन स्कुटेलॅरिससारख्या सिर्फिड माश्या माव्याच्या वसाहतींमध्येच अंडी घालतात. त्यांच्या पाय नसलेल्या, हिरवट, गोगलगाईसारख्या सरपटणाऱ्या अळ्या मावा फस्त करतात. फोटोत माव्याच्या मध्ये दिसणारी ही अळी कीड समजून फवारणी केली, तर मावा खाणारीच मरते.

घरातल्या माश्यांकडे तर कोणी फोटो काढण्याइतके लक्षही देत नाही. त्यांची उकल मात्र तेवढीच गुंतागुंतीची आहे. घरमाशी म्हणजे मस्का डोमेस्टिका. तिच्या पाठीवर चार उभ्या काळसर रेघा असतात. आठवडी बाजारात, उघड्यावर, माणसांच्या तोंडावर-डोळ्यांवर बसणारी तिची जवळची नातलग मस्का सॉर्बेन्स. तिच्या पाठीवर रेघा दोनच, पण रुंद. हा फरक छोटा वाटतो, पण आरोग्याच्या दृष्टीने मोठा आहे. सॉर्बेन्स उघड्यावर पडलेल्या मानवी विष्ठेत वाढते आणि मुलांच्या डोळ्यांतल्या स्रावावर बसते. डोळ्यांच्या खुपऱ्यांचा रोग पसरवण्यातला तिचा वाटा जगभर मानला जातो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपल्याचे मान्य केले. त्यामागे औषधोपचार होते, तशीच स्वच्छताही होती.

पावसाळ्यात 'घरातल्या माश्या चावायला लागल्या' अशी तक्रार ऐकू येते. घरमाशीला चावता येतच नाही; तिची सोंड मऊ, टोकाला पसरट, द्रव टिपून घेणारी असते. चावते ती तिच्यासारखीच दिसणारी गोठ्यातली स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स. गुरे एकसारखी पाय आपटू लागली की गोठ्यात ती आहे असे समजावे. तिचा बाजूने फोटो काढला तर डोक्यापुढे सुईसारखी ताठ सोंड दिसते आणि ओळख तिथेच पूर्ण होते. वरून काढलेल्या फोटोत ती सोंड अर्धीच दिसते आणि माशी घरमाशीच वाटते.

मांस, मेलेली जनावरे आणि आंबलेल्या कचऱ्याभोवतीच्या चमकदार निळ्या-हिरव्या माश्या ही आणखी एक मंडळी. त्यांतली क्रायसोमिया मेगासेफाला नर असेल तर फोटोत चटकन सापडते. तिच्या नराचे तांबडे डोळे डोक्यावर एकमेकांना भिडतात आणि डोळ्याच्या वरच्या भागातले कप्पे खालच्यांपेक्षा ठळकपणे मोठे असतात. मादीचा फोटो मात्र तज्ज्ञालाही थांबायला लावतो. आणखी अवघड जोडी क्रायसोमिया रुफिफेसिस आणि क्रायसोमिया अल्बिसेप्सची. दोन्ही हिरव्या-निळ्या, दोघींच्या पोटावर गडद पट्टे, दोघींच्या अळ्या काट्यांसारख्या उंचवट्यांच्या. फरक आहे तो छातीच्या पुढच्या श्वासरंध्राजवळच्या एका राठ केसाचा. रुफिफेसिसला तो असतो, अल्बिसेप्सला नसतो. न्यायवैद्यकात मृतदेहावरच्या अळ्यांच्या वयावरून मृत्यूची वेळ काढतात आणि प्रत्येक जातीच्या अळ्यांच्या वाढीचा वेग वेगळा असतो. तिथे या एका केसावर हिशेब अवलंबून असतो.

मराठवाड्याच्या शेतात मात्र सर्वाधिक नुकसान करणाऱ्या काही माश्यांचा फोटो काढून काहीच हाती लागत नाही. सोयाबीनवरची खोडमाशी, मेलॅनाग्रोमायझा सोजी, सुमारे दोन मिलिमीटरची, काळी, चकचकीत. तुरीवरची शेंगमाशी, मेलॅनाग्रोमायझा ऑब्ट्युसा, तीही तशीच काळी आणि चकचकीत. एकाच शेतात सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी असतात, त्यामुळे दोन्ही एकाच पानावर बसलेल्या दिसू शकतात. या माश्यांच्या जाती एकमेकींपासून निश्चितपणे वेगळ्या करायच्या तर नराच्या जननेंद्रियांचे सूक्ष्म अवयव तपासावे लागतात आणि ते कुठल्याच मोबाइलच्या आवाक्यात येत नाहीत. पण सोयाबीनचे खोड उभे चिरून फोटो काढला तर त्यात भुसभुशीत तांबूस बोगदा दिसतो. अळी पानातून देठात आणि देठातून खोडात उतरत गेलेली असते. तुरीची शेंग उघडली तर दाणा कुरतडलेला आणि टरफलावर टाचणीने टोचल्यासारखे छिद्र. माशीच्या फोटोने जे सांगितले नसते ते पिकाच्या फोटोने सांगितले.

ज्वारीतही तेच. पेरणीनंतर काही आठवड्यांत रोपाचा मधला पोंगा वाळतो आणि ओढला की सहज निघून येतो. शेतकरी त्याला पोंगेमर म्हणतात. जबाबदार असते खोडमाशी ॲथेरिगोना सोक्काटा. या वंशातल्या अनेक जाती गवतांवर आणि बाजरीवर असतात. मादी एकीसारखी दुसरी, राखाडी आणि साधी. नराच्या पोटाच्या टोकाला तीन पाकळ्यांसारखा एक अवयव असतो आणि त्याच्या आकारावरून जात ठरते. त्यामुळे शेतात उडणाऱ्या माशीपेक्षा वाळलेला पोंगा, त्याच्या बुडाशी पिवळसर अळी आणि पेरणीची तारीख यांतून बरेच काही कळते. खरीप ज्वारीची पेरणी लांबली की पोंगेमर वाढते, हे शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाहिले आहे.

पिकांवरील किडींची नियमित पाहणी महाराष्ट्रात 'क्रॉपसॅप' या नावाने चालते. २००८ साली विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर ती सुरू झाली. १५ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचे ॲप आणले. त्यात शेतकऱ्याने कीड किंवा नुकसान दाखवणारा फोटो टाकायचा, कृत्रिम बुद्धिमत्ता ओळख सुचवते. निसर्गप्रेमींमध्ये आयनॅचरलिस्ट लोकप्रिय आहे. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते सुरू झाले. तिथे फोटो टाकला की संगणक नाव सुचवतो, मग इतर लोक मत देतात आणि दोन तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत झाले की नोंद संशोधनाला वापरता येण्याजोगी ठरते.

संगणक सुचवतो ते नाव त्याने आधी पाहिलेल्या फोटोंतून येते. एखाद्या जातीचे युरोपात हजारो फोटो निघालेले असतील आणि तिच्या भारतीय बहिणीचे मोजकेच, तर संभाजीनगरच्या सलीम अली सरोवराकाठी काढलेल्या हिरव्या माशीला तो युरोपातलेच नाव देण्याची शक्यता जास्त. लोकांचे एकमतही नेहमी आधाराला येत नाही, कारण पहिल्याने दिलेले नाव दुसरा बहुधा फारसा न तपासता मान्य करतो. म्हणून माश्यांच्या फोटोंवर काम करणारे जाणकार अनेकदा वंशाच्या पातळीवरच थांबतात. 'क्रायसोमिया, जात अनिश्चित' असे लिहिणे त्यांना कमीपणाचे वाटत नाही.

फोटोत न दिसणाऱ्या खुणांचे कोश मात्र शंभर वर्षांहून जुने आहेत. ब्रिटिश काळातल्या भारतीय प्राणिजातीच्या ग्रंथमालेत माश्यांचे खंड एनरिको ब्रुनेट्टी यांनी लिहिले. ते व्यवसायाने संगीतकार होते आणि कीटकशास्त्र स्वतःच शिकलेले. त्यांचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली निघाले. त्यांतल्या ओळखीच्या किल्ल्यांमध्ये प्रश्न विचारले जातात ते केसांच्या ओळी, शिरांचे वळण, पायांवरचे काटे यांबद्दल. टाचणीवर टोचलेला नमुना भिंगाखाली फिरवता येत असेल तरच त्यांची उत्तरे मिळतात.

नमुना हाती असेल तर आता आणखी एक दार उघडते. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ साली सुचवले की प्राण्यांच्या पेशीतल्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा वाचला तर बहुतेक जाती ओळखता येतील. याला डीएनए बारकोडिंग म्हणतात. संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पॉल हेबर्ट यांच्याच नावाचे डीएनए बारकोडिंग व जैवविविधता अभ्यास केंद्र आहे. म्हणजे शहराच्या एका टोकाला फळमाशी ज्या फळांत वाढते त्यांचे संशोधन केंद्र आणि त्याच शहरात तिची जात रेणूंवरून सांगू शकणाऱ्या पद्धतीचे केंद्र. बारकोडिंगचा सर्वात मोठा फायदा अळीच्या बाबतीत. पेरूतल्या अळीला ना पंख, ना चेहऱ्यावरचे ठिपके. तिचा डीएनए मात्र माशीचाच असतो. तरीही हा तुकडा सगळीकडे पुरत नाही. डॉर्सालिस आणि कॅरम्बोली यांच्यात तो खात्रीने फरक करू शकत नाही, कारण या जाती अगदी अलीकडेच वेगळ्या झाल्या आहेत.

उलट काही खुणा अशा आहेत की ज्या फक्त जिवंत माशीच्या फोटोतच टिकतात. एरिस्टॅलिनस वंशातल्या सिर्फिड माश्यांच्या डोळ्यांवर सुंदर नक्षी असते, काहींवर ठिपके, काहींवर उभ्या रेघा. माशी मेली आणि वाळली की ही नक्षी पुसट होत जाते. संग्रहालयातल्या जुन्या पेटीत ती पाहायला मिळत नाही. उन्हात झेंडूच्या फुलावर बसलेल्या माशीच्या फोटोत मिळते. फळमाशीचे पिवळे पट्टेही मद्यार्कात ठेवल्यावर फिके पडतात.

फोटो हाच नमुना मानायचा का, यावर शास्त्रज्ञांमध्ये उघड भांडण झाले तेही एका माशीवरून. २०१५ साली स्टीव्हन मार्शल आणि नील एव्हनहुइस यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचे नवी जात म्हणून वर्णन केले आणि तिला मार्लेयिमिया झायलोकोपी हे नाव दिले. ती तिथल्या भुंग्यासारखी, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या मोठ्या मधमाशीसारखी दिसते. त्यांच्याकडे मेलेला एकही नमुना नव्हता, फक्त फोटो होते. पुढच्याच वर्षी जगभरच्या सुमारे पाचशे वर्गीकरणतज्ज्ञांनी सह्या करून याला विरोध केला. फोटोत नसलेला केस, शीर किंवा डीएनए नंतर कोणी तपासायचा म्हटला तर तपासणार काय, हा त्यांचा मुद्दा होता. दुसरी बाजू म्हणत होती की माशी पुन्हा सापडेल याची खात्री नसताना चांगला फोटो हाती असून गप्प बसणे हेही विज्ञानाचे नुकसानच. नामकरणाचे नियम अपवादात्मक परिस्थितीत फोटोवर आधारलेले वर्णन चालवून घेतात. पण ही सवय व्हावी असे फार कमी जणांना वाटते.

या साऱ्यातून बागेत आणि शेतात वापरता येईल अशी पद्धत निघते आणि तिला महागडा कॅमेरा लागत नाही. फोनला अडकवायचे स्वस्त भिंगही पुरते. माशी पारदर्शक बाटलीत पकडून काही मिनिटे फ्रिजमध्ये ठेवली की ती सुस्तावते. मग आलेखाच्या कागदावर ठेवून चार फोटो काढायचे, पाठीचा, बाजूचा, समोरून चेहऱ्याचा आणि पसरलेल्या एका पंखाचा. चौकटी मोजून आकार कळतो. पाचवा फोटो माशी जिथे सापडली त्या जागेचा, म्हणजे चिरलेले खोड, किडलेले फळ किंवा गोठा. एका नरासोबत एक मादीही घेतलेली बरी, कारण अनेक जातींत खूण दोघांपैकी एकाकडेच असते. नमुना टिकवायचा असेल तर घट्ट झाकणाच्या बाटलीत ९५ टक्के इथेनॉलमध्ये. डीएनए त्यात शाबूत राहतो.

अळीच हाती आली असेल, तर किडलेले फळ ओलसर वाळूच्या बरणीत ठेवून वर कापड बांधायचे. अळ्या वाळूत कोष करतात आणि उन्हाळा-पावसाळ्यात साधारण दोन-तीन आठवड्यांत माश्या निघतात. निघाल्याबरोबर त्यांना मारून फोटो काढू नये. नुकती निघालेली फळमाशी फिकट आणि मऊ असते, पाठीचा रंग आणि पोटावरची खूण ठळक व्हायला काही दिवस जातात. तोवर तिला साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा द्यावा. मग पंख आणि चेहरा दोन्ही स्पष्ट येतात आणि बरणीवरच्या चिठ्ठीवर फळाचे नाव, गाव आणि तारीख असेल तर त्या फोटोपुढे जातीचे नाव लिहिता येते.